भरतपूरचा घना : पक्षी, पाहुणे आणि म्हशी

राजस्थानातील भरतपूर शहराला लागून केवलादेव महादेवाचे एक छोटे मंदिर आहे. मंदिराजवळ दगडी फलक उभे आहेत. देवस्थानाजवळच्या दगडावर साधारणतः जीर्णोद्धार करणाऱ्याचे किंवा दात्याचे नाव असते. या फलकांवर तारखा आहेत, बड्या पाहुण्यांची नावे आहेत, बंदुकांची संख्या आहे आणि त्या त्या दिवशी मारलेल्या पक्ष्यांची संख्या आहे. १९०२ साली लॉर्ड कर्झन आले तेव्हाची नोंद ५४० पक्ष्यांची आहे. १९१६ साली लॉर्ड चेम्सफर्ड यांच्या भेटीत ४,२०६ पक्षी पडले. सर्वांत मोठा आकडा १२ नोव्हेंबर १९३८ चा आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या त्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले.

त्याच १२ नोव्हेंबरला मुंबईच्या एका सुलेमानी बोहरा घराण्यातील सालिम मोइझुद्दीन अब्दुल अली यांना बेचाळीस वर्षे पूर्ण झाली होती. ज्या तळ्यावर त्या दिवशी बंदुकांचा कडकडाट चालला होता, तेच तळे पुढे त्यांच्या नावाशी कायमचे जोडले जाणार होते.

आपल्या समाजात डॉ. सालिम अलींचे नाव अभिमानाने घेतले जाते. देशाच्या उभारणीत मुसलमानांचा वाटा सांगायची वेळ आली की बिस्मिल्ला खान, हवालदार अब्दुल हमीद, डॉ. अब्दुल कलाम यांच्या रांगेत सालिम अलीही येतात. भाषणात नाव येते, टाळ्या होतात आणि आपण पुढच्या नावाकडे वळतो. त्यांनी नेमके काय केले, कोणत्या ठिकाणी केले, त्यातले काय टिकले आणि कोठे त्यांचा अंदाज चुकला, याचा हिशेब मांडायला आपल्याला सवड नसते. भरतपूरचा इतिहास वाचला तर हा हिशेब मांडता येतो. त्यात पक्षी आहेत, राजे आहेत, पर्यटक आहेत, आणि ज्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत असे म्हशीवालेही आहेत. आमच्या मते या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे पात्र म्हैसच आहे.

तळे कोणी केले?

या जागेला स्थानिक लोक ‘घना’ म्हणतात. घना म्हणजे दाट झाडी. गंभीर आणि बाणगंगा या दोन नद्यांच्या संगमाजवळचा हा सखल भाग. पावसाळ्यात पुराचे पाणी येथे साचत असे. अठराव्या शतकात भरतपूरचा जाट राजा सूरजमल याच्या काळात अजान बांध घातला गेला आणि पाणी अडवण्याची सोय झाली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानच्या कारभाऱ्यांनी विलायतेतील बदकांच्या शिकारीचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून या सखल जमिनीचे रूप पालटले. छोटे छोटे बांध घालून तिचे भाग पाडले. कालवे खणले. पाणी हवे तेव्हा सोडावे, हवे तेव्हा अडवावे, यासाठी दरवाजे बसवले. अजान बांधातले पाणी या कालव्यांतून घन्यात येऊ लागले आणि कोठे गुडघाभर, कोठे कमरेएवढे असे उथळ पाण्याचे विस्तीर्ण पट्टे तयार झाले.

उथळ पाणी हीच पाणपक्ष्यांची खरी गरज असते. खोल धरणात बदकाला तळाचे अन्न मिळत नाही आणि बगळ्याला उभे राहता येत नाही. घन्यात मासे होते, गोगलगायी होत्या, पाणवनस्पतींचे कंद होते, पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर घरट्यांना जागा होती. पावसाळ्यात चित्रबलाक, पाणकावळे, बगळे, चमचे हजारोंच्या संख्येने येथे वीण करीत. थंडी सुरू झाली की हिमालयापलीकडून, मध्य आशियातून, सायबेरियातून बदके आणि हंस येत. साडेतीनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची येथे नोंद झाली आहे. अवघ्या २९ चौरस किलोमीटर क्षेत्राच्या मानाने ही संख्या थक्क करणारी आहे.

मात्र यातील एक बाब वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. घना हे अनादी काळापासून माणसाचा हात न लागलेले रान नव्हते. ते माणसाने बांधलेले तळे होते. बांध माणसाचा, कालवा माणसाचा, दरवाजाही माणसाचा. राजाला शिकारीसाठी पाणी हवे होते म्हणून पाणी आले, आणि पाणी आले म्हणून पक्षी आले.

राजाची शिकार वर्षातून मोजके दिवस चाले. उरलेल्या दिवसांत आसपासच्या गावांतली गुरे घन्यात चरत. बाया गवत आणि सरपण नेत, वाळ्याची मुळे खणली जात. म्हशी पाण्यात उतरून पाणगवत खात आणि तासन्‌तास डुंबत. संस्थानच्या काळात ही रीत चालत आली होती. कोणी तिची फलकावर नोंद केली नाही, कारण त्यात नोंद घेण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटले नाही.

शिकारी आणि निरीक्षक

आजच्या वाचकाला शिकार आणि पक्षिप्रेम या एकमेकांच्या विरुद्ध गोष्टी वाटतात. इतिहासात त्या बराच काळ एकाच माणसाच्या ठायी नांदल्या. बादशहा जहांगीर याचे उदाहरण घ्या. वयाच्या बाराव्या वर्षापासून आपल्यासमोर किती प्राणी मारले गेले आणि त्यांतले आपण स्वतः किती मारले, याचा हिशेब त्याने ‘तुझुक’मध्ये दिला आहे. स्वतः मारलेल्यांचा आकडा १७,१६७ इतका आहे आणि त्यांत बहुतांश पक्षी आहेत. याच जहांगीराने सारस पक्ष्यांची एक जोडी पाळली होती. त्यांना लैला आणि मजनू अशी नावे होती. ती जोडी कशी जुळते, अंडी कोण कसे उबवते, पिलांना कसे वाढवते, हे त्याने बारकाईने पाहिले आणि लिहून ठेवले. त्याच्या दरबारातील उस्ताद मन्सूर याने काढलेले सायबेरियन क्रौंचाचे चित्र कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. हिमासारखा पांढरा आणि लाल चेहऱ्याचा हा पक्षी सतराव्या शतकात मोगल चित्रकाराच्या नजरेसमोर होता, याचा तो पुरावाच आहे.

सालिम अलींना हा वारसा ठाऊक होता. मोगल बादशहा निसर्गाचे निरीक्षक आणि शिकारी म्हणून कसे होते, यावर १९२०च्या दशकात त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेखमाला लिहिली होती. ते स्वतःही याच वाटेने आले. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपल्यावर खेतवाडीत मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी ते वाढले. छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारायच्या आणि हलाल करून खायच्या, हा त्यांचा पोरवयातला उद्योग. एकदा मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही खाण्यास योग्य की नाही, अशी शंका आल्याने ते मामांकडे गेले. मामांनी त्यांना सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड यांनी पक्षी ओळखला आणि कपाटे उघडून भुसा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह त्या पोराला दाखवला. पुढचे सर्वांना माहीत आहे. हलाल-हरामच्या एका साध्या प्रश्नातून भारतीय पक्षिशास्त्राचा एक मोठा अभ्यासक घडला. प्रश्न विचारण्याची मुभा असलेल्या घरात काय घडू शकते, हे यावरून कळते.

त्यांचे पुढचे मोठे काम आपल्या कोकणात झाले. नोकरी गेलेली, हाती पैसा नाही, अशा दिवसांत ते पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीमला येऊन राहिले. तेथे सुगरण पक्ष्याची घरटी तासन्‌तास न्याहाळून त्यांनी त्याच्या विणीचे रहस्य उलगडले. १९३० साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. नर एकामागून एक घरटी विणतो, मादी पसंत पडेल त्या घरट्यात राहायला येते आणि नर नव्या घरट्याच्या मागे लागतो, हे त्यातून पुढे आले. यासाठी त्यांना प्रयोगशाळा लागली नाही. हाती वही होती आणि अंगी चिकाटी होती.

बंदूक गेली, दुर्बीण आली

स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली आणि घन्याचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला. आसपासच्या शेतकऱ्यांना जमीन आणि पाणी हवे होते. राजाच्या चैनीचे तळे आता कोरडे करून तेथे पिके घ्यावीत, ही मागणी त्या काळाला धरूनच होती. सालिम अलींनी पंडित नेहरूंपर्यंत हा विषय नेला आणि तळे वाचले. १९५६ साली घना पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तरीही महाराजांचा शिकारीचा हक्क कायम राहिला. शेवटची मोठी शिकार १९६४ साली झाली आणि तो हक्क १९७२ साली संपला. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला.

साठच्या दशकात घन्यात वेगळ्याच प्रकारची पक्षिधरणी सुरू झाली. स्थलांतर करणारे पक्षी कोठून येतात, कोठे जातात आणि त्यांच्याबरोबर रोगजंतूंचाही प्रवास होतो का, हे शोधण्यासाठी सोसायटीने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने पक्ष्यांच्या पायांत वाळे अडकवण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्यासाठी पक्षी जिवंत आणि इजा न होता पकडणे आवश्यक होते. ही विद्या कोणत्या विद्यापीठात शिकवली जात नव्हती. ती बिहारमधील मीरशिकारांकडे होती. मीरशिकार हा पिढ्यान्‌पिढ्या पक्षी पकडण्याचा व्यवसाय करणारा मुस्लिम समाज. कोणत्या पक्ष्याला कोणते जाळे, कोणता फास, कोणती साद, हे ज्ञान बापाकडून मुलाकडे आलेले. हे लोक शास्त्रज्ञांच्या दिमतीला आले. त्यांनी पकडलेल्या आणि वाळे घालून सोडलेल्या पक्ष्यांपैकी काही पुढे तत्कालीन सोव्हिएत संघाच्या दूरच्या प्रदेशांत सापडले आणि स्थलांतराचे नकाशे तयार झाले. आपल्या विद्वानांच्या यादीत सालिम अली येतात, ते योग्यच आहे. पण निरक्षर मीरशिकाराची विद्याही याच इतिहासाचा भाग आहे आणि तिची आठवण कोणी काढत नाही.

बंदुकीच्या जागी दुर्बीण आली, तसे करमणुकीचे स्वरूपही बदलले. पूर्वी व्हाइसरॉय आणि राजेरजवाडे येत. आता दिल्ली-आग्ऱ्याहून शाळांच्या सहली, परदेशी पर्यटक आणि गळ्यात कॅमेरे अडकवलेले हौशी लोक येऊ लागले. आतल्या रस्त्यावर पायी, सायकलने किंवा सायकलरिक्षाने फिरायचे, पाणी असेल तेव्हा नावेतून जायचे, ही येथली पद्धत. मोटारींचा गोंगाट नाही. घन्याच्या रिक्षावाल्यांनी, त्यांत कित्येक शीख होते, पक्ष्यांची नावे आणि सवयी शिकून घेतल्या. झाडाच्या ढोलीत डोळे मिटून बसलेली पिंगळ्याची जोडी पाहुण्याला दाखवायची असेल तर रिक्षावाल्याचे बोटच उपयोगी पडते. पर्यटनातून गावाला चार पैसे मिळाले, हॉटेले निघाली, वाटाडे तयार झाले. ही जमेची बाजू नाकारण्याचे कारण नाही.

१९८२

ऑक्टोबर १९८१ मध्ये भारताने रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांची पहिली दोन नावे दिली. एक ओडिशातील चिलिका आणि दुसरे केवलादेव. त्याच सुमारास घन्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. सभोवती दोन मीटर उंचीची भिंत होतीच. राष्ट्रीय उद्यानाचा कायदा अभयारण्याच्या कायद्यापेक्षा कडक असतो. त्यात गुरांच्या चराईला जागा नसते. १९८२ साली चराई बंद करण्यात आली. पक्षी वाचवायचे तर म्हशी बाहेर काढल्या पाहिजेत, असे त्या काळच्या बहुतेक निसर्गरक्षकांचे मत होते. सालिम अली आणि त्यांची सोसायटी याच मताची होती.

गावकऱ्यांना हा निर्णय मान्य होणे शक्य नव्हते. गुरे आज रात्री बांधली तर उद्या सकाळी त्यांना काय घालायचे? पर्यायी चारा नाही, कुरण नाही, भरपाई नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट एका हुकमाने गेली. नोव्हेंबर १९८२ मध्ये लोक गुरे घेऊन भिंतीवर चालून गेले. पोलिसांनी गोळीबार केला. त्यात गावकऱ्यांचे बळी गेले. ज्या जागेवर १९६४ पर्यंत पक्ष्यांवर बंदुका चालल्या, त्याच जागेच्या वेशीवर अठरा वर्षांनी पक्ष्यांच्या रक्षणासाठी माणसांवर बंदुका चालल्या. मारलेल्या बदकांचा आकडा दगडात कोरलेला आहे. या माणसांसाठी त्या फलकांमध्ये जागा नाही.

१९८५ साली युनेस्कोने केवलादेवचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत केला.

दहा वर्षांचा अभ्यास

यानंतर जे घडले ते आमच्या दृष्टीने या इतिहासाचे मर्म आहे. सालिम अलींच्याच सोसायटीने १९८० पासून घन्याच्या पाण्याचा, वनस्पतींचा, माशांचा आणि पक्ष्यांचा सविस्तर अभ्यास हाती घेतला होता. डॉ. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली तो १९९० पर्यंत चालला. चराईबंदी अभ्यासाच्या मधल्या काळात आल्यामुळे बंदीपूर्वीची स्थिती आणि नंतरची स्थिती यांची तुलना करणे शास्त्रज्ञांना शक्य झाले.

तुलनेतून निघालेला निष्कर्ष सर्वांच्या अपेक्षेविरुद्ध होता. म्हशी गेल्यावर पास्पालम जातीचे पाणगवत बेसुमार वाढले. पूर्वी म्हशी ते खाऊन, तुडवून आटोक्यात ठेवत होत्या. आता त्याने पाण्याचा पृष्ठभाग झाकून टाकला. बदकांना उतरायला मोकळे पाणी लागते, ते कमी झाले. गवताच्या घट्ट जाळीखाली मासे आणि इतर जीवांची वाढ खुंटली. कंद खाणाऱ्या पक्ष्यांना चोच घालायला जागा उरेना. गवत काढण्यासाठी मजूर लावले, यंत्रे आणली, तरी म्हशी जे काम फुकटात करीत होत्या ते पुरे होईना. ज्या जनावराला पक्ष्यांचे शत्रू ठरवून बाहेर काढले, ते या पाण्याच्या घडीतला एक आवश्यक दुवा होते. ज्या शास्त्रज्ञांच्या संस्थेने चराईबंदीचा आग्रह धरला होता, तिच्याच अभ्यासाने चराईबंदी चुकीची ठरवली.

येथे दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली, अभ्यास पुरा होण्यापूर्वीच, १९८७ साली, सालिम अलींचे निधन झाले. अंतिम निष्कर्ष पाहून त्यांनी काय म्हटले असते, याचा तर्क करण्यात अर्थ नाही. पण डोळ्यांनी पाहावे, वहीत उतरवावे आणि वहीतील नोंद आपल्या समजुतीच्या विरुद्ध गेली तर समजूत सोडावी, ही शिस्त त्यांनीच घालून दिली होती. त्यांच्या मताला त्यांच्याच शिस्तीने दुरुस्त केले. एखाद्या गुरूचा यापेक्षा मोठा सन्मान आम्हाला ठाऊक नाही. आपल्याकडे थोरांची मते दुरुस्त करणे म्हणजे त्यांचा अवमान, असे समजले जाते. विज्ञानाच्या घरात तो उलट आदर असतो.

दुसरी गोष्ट, जे निष्कर्ष शास्त्रज्ञांना दहा वर्षांनी मिळाले त्यांचा काही अंश म्हशीवाल्यांना आधीच ठाऊक असला पाहिजे. कोणते गवत म्हैस खाते, ते न खाल्ल्यास किती फोफावते, हे चारणाऱ्याला कळत नाही असे कोण म्हणेल? मीरशिकाराचे ज्ञान शास्त्रज्ञांनी वापरले, कारण ते त्यांच्या कामाचे होते. म्हशीवाल्याला कोणी विचारले नाही.

पांढरे क्रौंच

भरतपूरची खरी कीर्ती सायबेरियन क्रौंचामुळे होती. भारतात हिवाळ्यात येणाऱ्या या पक्ष्यांचा ठरलेला मुक्काम म्हणजे घना. साठच्या दशकाच्या मध्यास येथे सुमारे २०० क्रौंच येत. मग आकडा घसरत गेला. २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची एक जोडी आली. त्यानंतर कोणी आले नाही.

याचा दोष केवळ चराईबंदीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. सायबेरियापासून भरतपूरपर्यंतच्या हजारो किलोमीटरच्या प्रवासात हे पक्षी अफगाणिस्तानातील आब-ए-इस्तादा सरोवरावर थांबत. तेथे युद्ध होते, दुष्काळ होता. वाटेत शिकारी होते. पक्ष्याला सरहद्द नसते, पण सरहद्दीवरच्या माणसांच्या भांडणाची किंमत त्याला मोजावी लागते. एका देशाने एक तळे भिंत घालून राखले म्हणून असा पक्षी वाचत नाही. मन्सूरच्या चित्रातला तो पांढरा पक्षी आता भारतात बहुधा चित्रांतूनच भेटणार.

पाण्याचेही तसेच झाले. गंभीर नदीवर करौली जिल्ह्यात पांचना धरण झाले आणि घन्याकडे येणारे पाणी वरच अडले. २००४ साली पाऊस अपुरा झाला, तेव्हा धरणाखालच्या आणि भोवतालच्या शेतकऱ्यांनी पक्ष्यांसाठी पाणी सोडायला कडाडून विरोध केला. घन्याची तळी भेगाळली. पुढे गोवर्धन नाल्यातून पुराचे पाणी आणण्याची योजना झाली आणि २०१२ च्या सुमारास ते पाणी येऊ लागले. पण शेतकऱ्याच्या विरोधामागचा प्रश्न १९८२ मधल्या म्हशीवाल्याच्या प्रश्नाहून वेगळा नव्हता. तुमच्या पाहुण्यांसाठी आमच्या वाट्याचे का काढता, असे दोघेही विचारत होते.

या प्रश्नाला काही प्रमाणात उत्तर देण्याचे प्रयत्नही झाले. गावकऱ्यांना घन्यातील गवत कापून नेण्याची परवानगी मिळाली. घन्यात माजलेली विलायती बाभूळ काढून टाकण्याचे काम गावांच्या समित्यांकडे देण्यात आले आणि लाकूड त्यांनाच मिळाले. घना मोकळा झाला आणि चुलीला सरपण मिळाले. हेच १९८२ पूर्वी सुचले असते तर काही घरांतली माणसे वाचली असती.

हिमाची आठवण

राखीव कुरणाची कल्पना आपल्या परंपरेला अपरिचित नाही. अरबस्तानात तिला ‘हिमा’ म्हणत. इस्लामपूर्व काळात बलदंड टोळीप्रमुख चांगले कुरण स्वतःसाठी राखून इतरांना हुसकावून लावत. ही खाजगी मिरासदारी पैगंबरांनी मोडीत काढली. हिमा राखायचा तो सार्वजनिक कामासाठी, असा दंडक पडला. जकातीत आलेले उंट आणि लढाईचे घोडे तेथे चरत. हजरत उमर यांनी अशा एका हिमावर हुनय नावाचा राखणदार नेमला. त्यांनी त्याला दिलेली ताकीद हदीसच्या ग्रंथांत नोंदलेली आहे. तिचा आशय असा, की थोडे उंट आणि थोड्या मेंढ्या बाळगणाऱ्या गरिबाला आत येऊ दे. अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान यांच्या कळपांना मात्र येऊ देऊ नको. त्यांची जनावरे मेली तरी त्यांना खजुरीच्या बागा आणि शेती आहे. गरिबाची जनावरे मेली तर तो पोराबाळांना घेऊन माझ्या दाराशी येईल, आणि त्याला सोने-चांदी देण्यापेक्षा गवत-पाणी देणे मला सोपे आहे.

सातव्या शतकातील हिमा पक्ष्यांसाठी नव्हता आणि त्याची आजच्या राष्ट्रीय उद्यानाशी सरळ तुलना होत नाही. सगळे आमच्याकडे आधीच होते, असे म्हणण्याचा मोह आम्हाला नाही. पण त्या ताकिदीत राखणदाराला एक नेमका प्रश्न विचारायला शिकवले आहे. हे कुरण बंद झाल्यावर कोणाचे फक्त थोडे नुकसान होईल आणि कोणाची चूलच विझेल? आणखी एक बारकावा असा, की ज्यांना रोखायचे ते दोघेही श्रेष्ठ सहाबी होते. भरतपुरात क्रम उलटा लागला. वजनदारांना पंचवीस वर्षे शिकारीची मुभा राहिली आणि दुबळ्यांची गुरे एका हंगामात बाहेर गेली.

आपल्या दारचे भरतपूर

नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तो शेतीच्या पाण्यासाठी बांधला गेला. गाळ साचला, पाणी उथळ झाले, बेटे तयार झाली आणि पक्षी आले. लोक त्याला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हणतात. १९८६ साली ते अभयारण्य झाले आणि २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची नोंद झाली. त्याच वर्षी लोणार सरोवर आणि २०२२ साली ठाण्याची खाडी या यादीत आली. हिवाळ्यात नांदूरला सहली जातात, गावातली मुले वाटाडे होऊन दुर्बिणीतून पक्षी दाखवतात. हेही तळे माणसानेच केलेले आहे. याच्याही काठावर शेतकरी आहेत, मच्छीमार आहेत, गुरे आहेत. नाव भरतपूरचे घेतले आहे, तर भरतपूरचा अनुभवही घ्यायला हवा.

पाणथळ जागा राखल्याच पाहिजेत, याविषयी आमच्या मनात शंका नाही. सालिम अलींनी नेहरूंकडे धाव घेतली नसती तर घना आज शेतजमीन असता आणि हे सगळे लिहायला कारणच उरले नसते. ते ऋण मोठे आहे. पण राखणे म्हणजे केवळ भिंत बांधणे नव्हे, हे त्याच घन्याने शिकवले. कोठलेही पाणी राखीव करण्यापूर्वी त्यात कोण उतरत होते, काय नेत होते आणि जाताना काय करून जात होते, हे वही घेऊन काही वर्षे पाहावे लागते. किहीमच्या सुगरणीसाठी सालिम अलींनी जे केले तेच म्हशीसाठी आणि म्हशीवाल्यासाठी करावे लागते.

आपल्या मुलामुलींपैकी कोणी पाणी आणि पक्षी यांच्या अभ्यासाकडे वळले तर ती आनंदाची गोष्ट होईल. सालिम अलींच्या नावाने टाळ्या वाजवण्यापेक्षा एखाद्या गावतळ्याच्या काठी वही घेऊन बसणारा एक तरुण किंवा तरुणी समाजाला अधिक हवी आहे. तिने पक्षी मोजावेत. त्याचबरोबर काठावर बसलेल्या म्हाताऱ्या गुराख्यालाही चार गोष्टी विचाराव्यात. त्याच्या उत्तराचीही वहीत नोंद व्हावी.